व्हायोलाची सोळा घरं

हॅलिफॅक्स
४ फेब्रुवारी १९७४

श्री. लायोनेल फॅरो यांस,

तुमचं पत्र मिळालं. ते आधी लंडनच्या जुन्या पत्त्यावर गेलं, तिथून आमच्या घरमालकीण मिसेस बॅगली यांनी इकडे धाडलं, आणि इथल्या पोस्टमनने ते शेजारच्या घरात टाकलं. म्हणून उत्तराला उशीर झाला.

‘ॲनिस, खिडकी लाव’ या गाण्याचे वादकांचे कागद माझ्याकडे आहेत का, असं तुम्ही विचारलंय. नाहीत. रेकॉर्डिंग संपलं की कागद कंपनीकडे जमा होतात. नकलनवीस ते घरी घेऊन जात नसतो. गाण्याला वाद्यांचा साज चढवला मिस्टर विकरींनी, आणि त्यांच्या हातचा लिहिलेला एकेका वाद्यासाठी स्वच्छ उतरवून दिला मी. माझा त्या गाण्याशी संबंध एवढाच. सात वर्षांत कागद रद्दीत गेले असतील. माझ्याकडे असते तरी टिकले नसते, आमच्या घराला ओल आहे.

ब्लॅकपूलच्या कार्यक्रमासाठी तुम्ही पुन्हा उभे राहताय हे वाचून बरं वाटलं. मी इथे बहिणीकडे राहते आणि गिरण्यांच्या ब्रास बँडांचे कागद उतरवते. वीजकपातीमुळे गिरण्या सध्या आठवड्यातून तीनच दिवस चालतात, उरलेले दिवस सगळा गाव बाजा फुंकत बसतो, त्यामुळे मला काम पुष्कळ आहे.

एक दुरुस्ती. मधला व्हायोलाचा तुकडा बारा घरांचा आहे असं तुम्ही लिहिलंय. कागदावरच्या उभ्या रेघांमधली घरं मोजली तर ती सोळा भरतील. बाराव्या घरापाशी तो संपला असं वाटतं खरं, पण तिथे तो फक्त श्वास घेतो.

आपली,
मेव्हिस ओल्डरॉइड


११ फेब्रुवारी

लायोनेल,

बरं बाबा, ‘तू’ म्हणते. ‘जिने माझ्या कोटाचं बटण शिवलं तिने मला अहो-जाहो करावं?’ असं तू लिहितोस. ते बटण तुझ्या लक्षात आहे याचंच मला नवल वाटलं. ॲनिसच्या न् माझ्या खोलीत मी ते शिवत होते तेव्हा तू दर दोन मिनिटांनी ‘ॲनिस किती वाजता येते?’ एवढंच विचारत होतास. शेवटी मी म्हटलं, ‘हलू नकोस, नाहीतर बटणाबरोबर तुलाही शिवीन.’

कागद माझ्याकडे आहेत. मी खोटं बोलले. पलंगाखाली शर्टाच्या खोक्यात आहेत आणि ठणठणीत कोरडे आहेत, कारण माझी बहीण एडना ओलीला घरात पाऊल ठेवू देत नाही. तुझ्या पत्रातलं पुढचं वाचलं नसतं तर मी खोट्यावर ठाम राहिले असते. कागद मिळाले नाहीत तर तुझ्या ओळखीचा कुणी रेकॉर्ड ऐकून सगळं उतरवणार, आणि व्हायोलिनच्या त्या थोरल्या बहिणीच्या, व्हायोलाच्या, जागी ते नवं विजेवरचं यंत्र वाजवणार! ‘फरक कुणाला कळणार आहे?’ म्हणे. मला कळेल. मी हॅलिफॅक्समध्ये बसून बटाटे सोलत असले तरी कळेल.

तुला तो रेकॉर्डिंगचा दिवस आठवतो तो मला वाटतं तुझ्या आवाजापुरता आठवतो. आमचं काम वेगळं होतं. तुम्ही बँडची मंडळी आदल्या दिवशीच तुमचं वाजवून मोकळी झाला होता. व्हायोलिनवाले, ओबोवाला, हार्पसिकॉर्डची बाई असे भाड्याचे बारा जण सकाळी दहाला यायचे, समोर ठेवलेला कागद आयुष्यात पहिल्यांदा बघायचे आणि तिथल्या तिथे वाजवायचे. एक वाजला की अर्धा सूर हवेत सोडून उठायचे. तीन तास म्हणजे तीन तास, पुढे देवानेही विनवलं तरी नाही. हार्पसिकॉर्ड आत आणताना तुझा ड्रमवाला ओरडला, ‘पियानोची बिनलग्नाची आत्या आली रे! जरा हळू धरा, लगेच किरकिरते.’ सगळे हसले. मीही हसले, न हसून सांगते कुणाला.

तर मिस्टर विकरींनी मला लिहून दिलं होतं त्यात सोळा घरं कोरी होती. तू गायचा थांबतोस, तिथली. वर पेन्सिलीने ‘व्हायोला. नंतर देतो.’ सकाळी साडेनऊपर्यंत त्यांनी काही दिलं नाही. मग स्टेशनातून त्यांचा फोन आला, दाट धुक्यामुळे गाडी अडकली आहे, कधी सुटेल देव जाणे. बारा माणसं कोट काढून बसलेली, घड्याळ चालू, आणि व्हायोलावाल्यापुढे ठेवायला सोळा कोरी घरं.

ती त्या दिवशी भरली गेली. याच्यापुढे लिहीत नाही.

खरा व्हायोला वाजवणारा खरा माणूस आणणार असशील तर तसं कळव. मी कागद पाठवते.

मेव्हिस

ता.क. मिस्टर विकरी गेल्या वर्षी वारले हे तुला माहीत असेलच. मी गेले होते अंत्यविधीला. तुझं फूल होतं, तू नव्हतास.


१९ फेब्रुवारी

प्रिय लायोनेल,

तू लगेच उत्तर दिलंस, खरा व्हायोला कबूल केलास, त्याबद्दल आभार. पत्र तिथेच संपवलं असतंस तर आज सकाळी खोकं पोस्टात पडलं असतं. पण तू पुढे लिहिलंस की रंगमंचावरून तू त्या तुकड्याबद्दल दोन शब्द बोलणार आहेस. मिस्टर विकरींच्या बायकोला पहिल्या रांगेत बसवणार आहेस आणि म्हणणार आहेस, ‘या माणसाला माझं दुःख माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं.’

हे वाचून मी कोट चढवून बाहेर गेले. कालव्याच्या काठाने दोन फेऱ्या मारल्या. परत आले तर एडना म्हणाली, ‘तोंड का असं? कोण गेलं?’ कुणी नाही म्हटलं.

विकरींना तुझं दुःख कळलं नव्हतं, लायोनेल. त्यांना पित्ताचा त्रास होता आणि त्यांना घरी लवकर जायचं असायचं. ती सोळा घरं मी लिहिली. स्टुडिओच्या जिन्यात, पायरीवर बसून, गुडघ्यावर फळी ठेवून, पावणेदहा ते दहा या वेळात.

आमच्या धंद्यात याच्याहून मोठं पाप नाही. विकरी शिकवायचे, ‘पोस्टमन पत्रं वाटतो, लिहीत नाही.’ टिंब चुकलेलं दिसलं तरी नकलनवीस विचारल्याशिवाय ते सुधारत नाही. आणि मी सोळा घरांचा संसार मांडून बसले. व्हायोला वाजवणारे म्हातारे मिस्टर कॉब तुला आठवतात? त्यांनी कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘शाई ओली आहे की हो, बाई.’ मी म्हटलं, ‘वाजवा ना.’ त्यांनी एकदा नुसतं डोळ्यांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘याला चष्मा नको, रुमाल हवा.’ आणि एका दमात वाजवलं. रेकॉर्डवर आहे तो तो पहिलाच प्रयत्न.

तू काचेमागून पळत बाहेर आलास. सगळी माणसं सोडून माझ्याजवळ येऊन उभा राहिलास, कारण मी दाराशी होते. डोळे भरलेले होते तुझे. म्हणालास, ‘मेव्हिस, विकरीला कसं कळलं गं?’

मी कागद मोजत होते. मोजत राहिले.

सव्वाबाराला विकरी ओल्या कोटात आले. त्यांना टेप ऐकवली. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, ‘हं. बरं जमलंय की माझं.’ नंतर मला बोळात गाठलं. ‘ओल्डरॉइड, पुन्हा असं केलंस तर या धंद्यात तुला कुणी रेघसुद्धा ओढायला देणार नाही.’ चार पावलं जाऊन वळले. ‘छान आहे पण,’ म्हणाले. माणूस वाईट नव्हता. पाठ थोपटली गेली ती त्यांनी नाकारली नाही इतकंच, आणि मी मागितली नाही.

का मागितली नाही ते सांगते. ते मी लिहिलं असं कळलं असतं तर तू पुढचा प्रश्न विचारला असतास. तुला एवढं कसं ठाऊक, असा.

आता ठाऊक होतं ते लिहून टाकते, हात दुखायच्या आत. तू गाण्यात म्हणतोस की चार वाजले की निळ्या बाहीचा एक हात दुसऱ्या मजल्यावरची खिडकी लावून घेतो आणि समोरच्या फुटपाथवर तुझा दिवस मावळतो. अरे, ॲनिस साडेपाचपर्यंत जहाज कंपनीच्या कचेरीत टंकलेखन करायची, आणि नंतर नाचायला जायची. घरात सातच्या आत तिचं नखही दिसायचं नाही. चारला ती खिडकी मी लावायचे. वारा सुटायचा आणि शाई वाळायच्या आत कागद उडायचे. निळा स्वेटर ॲनिसचा होता हे खरं. तिला तो टोचायचा म्हणून तिने मला कामावर घालायला दिला होता.

ॲनिसने गाणं रेडिओवर ऐकलं तेव्हा ती बशा विसळत होती. ‘मी कधी खिडकी लावली गं?’ ती म्हणाली. ‘मला तर डिसेंबरातसुद्धा उकडतं!’ मग तिने माझ्याकडे पाहिलं, स्वेटरकडे पाहिलं, ‘अगं बाई, मेव्हिस!’ म्हणाली आणि जमिनीवर बसून पोट धरून हसली. हसून झाल्यावर मला जवळ घेऊन म्हणाली, ‘सांग त्याला. मला तर तो मुळीच नको. सांग ना गं, वेडे.’ मी तिला शपथ घातली. तिने ती कॅनडात जाऊन, लग्न होऊन, दोन मुलं होऊनही पाळली आहे. लोक तिला उथळ म्हणायचे. ती उथळ नव्हती. तू तिच्यासाठी झुरत होतास, मी तुझ्यासाठी झुरत होते, आणि ती कुणासाठीच झुरत नव्हती, म्हणून तिघांत तिलाच भूक छान लागायची.

प्रेम होतं माझं तुझ्यावर. ‘होतं’ हे किती सालापर्यंत ते विचारू नकोस, मी ते नीट मोजलेलं नाही. माझ्या हातावर तू गाणं केलंस आणि ते दुसरीला वाहिलंस. मी तुला त्याचं उत्तर दिलं आणि तू ते विकरींच्या नावावर जमा केलंस. तुझी चूक काही नाही. पण सात वर्षं न्हाव्याच्या दुकानाबाहेरून, बसमधून, लग्नाच्या जेवणात मी स्वतःला ऐकते आहे आणि गप्प बसते आहे. मी दमले आहे रे.

मला तुझं प्रेम नको. त्या वयात नाही मिळालं, आता या वयात घेऊन ठेवू कुठे! रेकॉर्डवर नाव नको. लोकांना सांगायला नको. तुझ्या हातचं एक वाक्य हवं: ‘मेव्हिस, ते तू लिहिलंस, हे मला कळलं.’ एवढं लिही. त्याच टपालाने कागद निघतील.

मेव्हिस


२८ फेब्रुवारी

लायोनेल,

नऊ दिवस झाले. आज इथे मतदान आहे, शाळेसमोर रांग लागली आहे. एडना मत देऊन आली आणि मी अजून दाराच्या फटीकडे बघत बसलेली. ‘पोस्टमनला निवडून द्यायचंय का तुला?’ म्हणाली. तिला मी काही सांगितलेलं नाही, पण तिला डोळे आहेत.

माझं पत्र हरवलं असेल असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पोस्टमन शेजारी टाकतो, तसं. मग वाटलं, पोचलं असेल आणि तू लाजला असशील. मग वाटलं, घरच्यांनी फोडलं असेल. मन चिंती ते वैरी न चिंती.

तर आपण असं करू. ते पत्र मी लिहिलंच नाही आणि तुला मिळालंच नाही. कार्यक्रम जवळ आला आहे, वादकांना कागद वेळेवर मिळाले पाहिजेत, आणि त्यांचा यात काही दोष नाही. तू नुसता रिकाम्या पाकिटावर पत्ता लिहून पाठवलास तरी खोकं पाठवीन. मानी बाईने असं लिहू नये हे मला कळतं. पण वाट बघणं या उद्योगाला मी आता फार म्हातारी झाले, त्यापेक्षा हरलेलं परवडलं.

मेव्हिस


६ मार्च

लायोनेल,

तुझं पत्र शनिवारी आलं. तू काय लिहिलंस ते तुझ्याकडे नसेल, कारण तू नक्कल ठेवणाऱ्यांतला नाहीस, म्हणून इथे उतरवते. तो माझा धंदाच आहे.

‘मेव्हिस, तुझी पत्रं मिळाली. किती छान लिहितेस! इकडे नुसती धावपळ. एक अडचण आहे. माझा आवाज आता पूर्वीच्या पट्टीला पोचत नाही. सगळं गाणं एका सुराने खाली उतरवून देशील का? तुझ्यासारखं सुबक अक्षर आजकाल कुणाचंच नाही. ता.क. विकरीबाईंना बोलावणं आधीच गेलं आहे, आता कसं बदलायचं? समजून घेशीलच. तू तर नेहमीच समजून घेतेस.’

मी हे दोनदा वाचलं आणि मला हसू आलं. इतकं मोठ्याने आलं की एडना स्वयंपाकघरातून हातात सुरी घेऊनच धावत आली. सात वर्षांनी बाईने काळीज काढून दाखवावं आणि त्यावर माणसाने म्हणावं, हे जरा खालच्या पट्टीत मिळेल का? रागावण्याचा प्रयत्न केला, जमला नाही. त्याला लागतो तेवढा दम शिल्लक नव्हता.

मग बसले कामाला. तेही तुझ्यासाठी नाही. काम समोर आलं की बसायचं, ही सवय. शनिवार, रविवार, सोमवार तीन दिवसांत अकरा जणांचे कागद उतरवून झाले. तुझ्या ओबोवाल्याला नवी पट्टी जरा नडेल, त्याला आधी बघायला दे. काल सकाळी शेवटचा व्हायोलाचा घेतला.

तिथे अडले. तुला हे माहीत नसणार, गाणाऱ्यांना वाद्यांचं काही माहीत नसतं. माझा तो तुकडा एकेक पायरी उतरत जातो आणि शेवटी व्हायोलाच्या सगळ्यात जाड तारेवर, बोट न लावता वाजणाऱ्या मोकळ्या सुरावर येऊन थांबतो. त्याच्याखाली त्या वाद्यात सूरच नाही. तेव्हा मला तिथेच जाऊन पोचायचं होतं. माझी अवस्था तीच होती आणि वाद्यालाही तेवढंच खाली जाता येत होतं. आता तू सगळं एका सुराने खाली ओढलंस, तर तो शेवटचा सूर व्हायोलात उरतच नाही. वादकाने गज टेकवायचा कशावर?

इलाज होते. तार ढिली करता आली असती. चेलोला देता आला असता. चेलोकडे खाली अजून पुष्कळ जागा असते आणि तो कुणालाही नाही म्हणत नाही. मी पेन्सिलीने चेलोच्या कागदावर तो सूर लिहिलासुद्धा. मग खोडला. आपलं म्हणणं शेवटच्या शब्दासाठी शेजाऱ्याच्या तोंडी द्यायचं, हे मी एकदा करून पाहिलं आहे.

पुढच्या खोलीत जाऊन पियानो उघडला. एका बोटाने वाजवत बसले. बारा घरं आहेत तशी ठेवली, ती चांगली आहेत. तेराव्यापासून खाली जायचं सोडलं आणि वर गेले. फार वर नाही, माणूस खुर्चीतून उठतो तेवढं. अर्ध्या तासात झालं. मला वाटलं होतं रडायला येईल, पण मध्ये एकदा उठून चहासुद्धा केला.

एडना दारात येऊन उभी होती. ‘हे कुणाचं गं?’ तिने विचारलं.

‘माझं,’ मी म्हटलं.

हा शब्द मी तोपर्यंत मोठ्याने कधी उच्चारलेला नव्हता. एडना थोडा वेळ ऐकत राहिली, मग म्हणाली, ‘बरं आहे की. मग आधी का नाही वाजवलंस?’ आणि गाजरं चिरायला गेली. तुझ्याकडून जे वाक्य मी मागत होते ते मला घरातच मिळालं, आणि तेही न मागता.

खोकं याच टपालाने निघतं आहे. बाराही कागद नीट आहेत, घरं मोजून घे. व्हायोलाच्या कागदावर उजव्या कोपऱ्यात, जिथे रचणाराचं नाव घालतात तिथे, मी माझं नाव घातलं आहे. शाईने. ब्लॅकपूलला जो कुणी तो वाजवायला बसेल तो वाजवण्याआधी ते वाचेल, आणि मला तेवढं पुरे आहे. विकरीबाईंना खुशाल पहिल्या रांगेत बसव. भल्या बाई आहेत, नवऱ्याचं कौतुक ऐकून त्यांना बरं वाटेल. फक्त तुकडा संपत आला की सावध राहा. तुझ्या कानाला तो खाली जायची सवय आहे आणि तू तिथूनच पुढे गायला सुरुवात करतोस. या वेळी तो तिथे तुझ्यासाठी थांबलेला नसेल.

पोच कळवू नकोस.

मेव्हिस ओल्डरॉइड